पाठ करून घेतलेली नावं

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या किनाऱ्याचं पाणी निवळू लागतं. चार महिने दुधाच्या चहासारखा दिसणारा समुद्र आधी कडेने हिरवा होतो, मग आतपर्यंत निळा होत जातो. वारा पडतो. माडांचा सतत चाललेला आरडाओरडा थांबतो, आणि एखाद्या सकाळी, आपण अंगणात दात घासत असताना, वाळूवरून पुष्कळ माणसांनी एकदम काढलेला आवाज ऐकू येतो. रापणीची, म्हणजे वाळूवरून ओढायच्या जाळ्याची, होडी पाण्यात ढकलली जात असते. तारकर्लीला उतरलेले पाहुणे हा आवाज मोबाईलवर टिपून घेतात. त्यांना तो गोड वाटतो. मलाही वाटायचा. आता तो ऐकला की आधी माझे तळहात खाजतात आणि मग डोकं तापतं. लोकांना ऋतू परतून आला की आठवणी येतात. मला राग येतो. नेमाने येतो, घटस्थापनेच्या आधी येतो, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहते.

त्या वर्षी मंदी आली. वादळ येतं तेव्हा निदान पत्रे उडतात, माड पडतात, सरकारी माणूस वही घेऊन पंचनाम्याला येतो. मंदीला येताना कुणी पाहिलं नाही. त्याच वर्षीच्या वैशाखात देवगडचा हापूस पेट्यांतच मऊ पडला होता, कारण मुंबईचे दलाल फोन उचलेनात. आम्ही एवढा आंबा खाल्ला की पोरांची तोंडं आली, आणि तरी कुणाच्या चेहऱ्यावर आंबा खाल्ल्याचा आनंद नव्हता. मग बर्फाच्या कारखान्याचा भोंगा एक दिवसाआड वाजायला लागला. न्हाव्याच्या खुर्चीत न्हावीच बसून पेपर वाचायचा. लग्नपत्रिका घरी देण्याऐवजी मोबाईलवर येऊ लागल्या आणि त्यांत जेवणाचा उल्लेख नसायचा. गणपतीला आलेले चाकरमानी विसर्जन झालं तरी परत गेले नाहीत. कणकवलीच्या स्टँडवर मुंबईच्या गाड्या रिकाम्याच लागायच्या आणि रिकाम्याच सुटायच्या. आधी आम्ही त्या पुरुषांना विचारायचो, "कधी निघताय?" मग विचारेनासे झालो. ते अंगणात बसून एकच सुपारी तासभर कातरायचे.

मी एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवते. आम्हा शिक्षकांना एका दुपारी बोलावून सांगण्यात आलं की पुढचे काही महिने पगार होणार नाहीत, परिस्थिती समजून घ्या. नवरा कणकवलीला एका हार्डवेअरच्या दुकानात होता, त्यालाही महिनाभर आधी असंच समजून घ्यायला सांगितलं होतं. समजून घेणे हे क्रियापद मी मुलांना शिकवते, मला ते चांगलं ठाऊक आहे. त्याला कर्ता लागतो. त्या वर्षी कर्ता नेहमी आम्हीच असायचो. मालकांनी कामगारांना समजून घेतलंय, दुकानदाराने गिऱ्हाइकाला समजून घेतलंय, असं एकही वाक्य मला त्या हंगामात ऐकायला मिळालं नाही. मी मान डोलावून घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन पितळेचा डबा जमिनीवर आपटला. डब्याला पोचा आला. तो मी अजून काढून घेतलेला नाही.

आता मंदीची गोष्ट सांगते. म्हणजे दुसऱ्या मंदीची.

मंदाकिनी आमच्याच वाडीची. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेली, नवरा लवकर वारला, तशी भावाच्या घरी परत आली. माहेरी राहिलेल्या बाईला माहेरचंच नाव चिकटतं, म्हणून केस पांढरे व्हायला लागले तरी लहानथोर तिला मंदीच म्हणतात. पेपरात आणि टीव्हीवर जेव्हा 'मंदी आली, मंदी आली' सुरू झालं तेव्हा आधी तिचीच करमणूक झाली. पाणी भरायला आली की म्हणायची, "गो सुलू, सगळे मंदी इली म्हणान रडतत. मी काय केलंय गो तेंचा?" आम्ही हसायचो. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. तीही हसायची, आणि हसताना घागर कमरेवर अशी हिंदकळायची की अर्धं पाणी तिच्याच पायांवर सांडायचं.

मंदी नंदू शेटकडे स्वयंपाकाला होती. नंदूही आमच्याच वाडीचा. त्याचा बाप आणि माझा बाप एका रापणीवर एकाच दोरीला. नंदूने बापाच्या माडबागेत आधी दोन खोल्या बांधल्या, मग चार, मग वर गच्ची, मग तो नंदूचा नंदू शेट झाला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, हे कुणी मानो न मानो. पहिल्या खोलीला पहिला पाहुणा आला तेव्हापासून चुलीपुढे मंदी होती. तिच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची कढी खायला पुण्याची माणसं वर्षभर आधी खोली सांगून ठेवायची. हे नंदूलाही माहीत होतं. म्हणून तर त्याने रस्त्याच्या वळणावर पत्र्याचा मोठा बोर्ड लावला. त्यावर मंदीचा फोटो, डोक्यावर पदर, हातात करवंटीची डवली, तोंडभर हसू. आणि शेजारी लाल अक्षरात, 'मंदीच्या हातचं मालवणी जेवण'. बोर्ड लागला त्या दिवशी मंदी वळणापर्यंत चालत गेली होती. परत येऊन मला म्हणाली, "दात जरा जास्तच दिसतत." पण पुढे महिनाभर तिचा रस्ता त्याच वळणावरून जायचा.

खोल्या रिकाम्या पडल्या तेव्हा नंदूने एका सकाळी पडवीत सगळ्यांना उभं केलं आणि कामावरून कमी केलं. माळी, दोन पोरी, वेटर आणि मंदी. त्यालाही पर्याय नसेल, पाहुणेच नव्हते. एवढ्यावर थांबला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण पडवीत त्याचे दोन-तीन मित्र चहा घेत बसले होते, आणि नंदूला गप्प बसवेना. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "काय करतलंय, मंदी इली म्हणान मंदीक काढलंय." मित्र हसले. मंदी पदराला हात पुसत उभी होती. तिने आपल्या दोन विळ्या आणि मसाल्याचा डबा उचलला आणि ती घरी आली.

विनोद चांगला होता, हाच त्यातला विषारी भाग. दुपारपर्यंत तो मालवणच्या बाजारात पोचला, संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर होता. आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तो वाचून दाखवला, आणि मी हसले. पगार नसलेल्या सात माणसांच्या खोलीत कितीतरी दिवसांनी हसू फुटलं होतं. मी तर चांगली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ती मंदी म्हणजे आमचीच मंदी हे मला हसता हसता कळलं, आणि तरी ते हसू आवरायला मला दोन क्षण जास्त लागले. त्या दोन क्षणांचा हिशोब मी पुढे नंदूच्या नावावर टाकला. न्याय म्हणाल तर तो नव्हता.

मंदी महिनाभर घराबाहेर पडली नाही. पोरं रस्त्यावरून ओरडत जायची, "मंदी इली, मंदी इली", आणि त्यांना खरंच कळत नसेल ते काय ओरडतायत. पण तिला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. बोर्ड तसाच होता. खोल्या बंद, चूल बंद, ती घरी, आणि वळणावर तिचं तोंड हसत उभं. अधूनमधून एखादी मोटार यायची तेव्हा नंदू रस्त्यावरच्या हातगाडीवाल्या पोराकडून जेवण मागवायचा, बाजारातल्या तयार मसाल्याचं, आणि ते मंदीच्या हातचं म्हणून वाढायचा. एक बाई जेवून मुद्दाम मंदीच्या घरी सांगायला गेली की पूर्वीसारखी चव राहिली नाही हो तुमची. त्या दिवशी मंदी पदर खोचून नंदूकडे गेली. मी सोबत होते. ती म्हणाली, "नंद्या, माका कामावर घे म्हणाक इलंय नाय. तो बोर्ड काढ."

नंदू गच्चीवरून खाली उतरलाही नाही. वरूनच म्हणाला, "मंदी, नाव तुझां, पण बोर्ड माझो."

परत येताना ती माझ्या पुढे झपझप चालत होती. वळणावर मात्र थांबली आणि स्वतःच्याच फोटोकडे पाठ करून मला म्हणाली, "माझां तोंड तेच्या दारात पाणी भरता, सुलू." त्या दिवसापासून मंदीला दुसरं काही नको होतं. काम नको, दया नको, नंदूचं वाटोळंही नको. फक्त तो बोर्ड खाली यायला हवा होता. मला मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते आणि जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर उरतात. प्रत्येक टोकाच्या दोरीला माणसं लागतात आणि तासनतास ओढत राहतात, तेव्हा शेवटी मासळीची पिशवी वाळूवर येते. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. म्हणून आमच्याकडे फार जुना रिवाज आहे की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा द्यायचा, मग तो रापणीचा असो की रस्त्यावरून जाणारा असो. कुणाचा हात दोरीवरून काढायचा नाही. पूर्वी ओढायला पुरुषच असत, बायका मासळीच्या पाट्या घेऊन वाळूवर बसत. त्या भाद्रपदात बाबी तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, सकाळी मागे वळून पाहिलं तेव्हा दोरीला अर्ध्या बायका होत्या. त्याने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, तोंडातलं पान थुंकलं आणि म्हणाला, "ओढा."

मी पहिले चार दिवस तोंडाला ओढणी गुंडाळून जायचे, आपल्या वर्गातल्या पोरांनी बघू नये म्हणून. पाचव्या दिवशी माझ्या पुढ्यात आमच्या शाळेचे गणिताचे सर उभे दिसले, त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. सहाव्या दिवशी दोघांनीही गुंडाळलेलं सोडलं. दोरीला कोण नव्हतं? शिंपी होता, एसटीतून कमी केलेला कंडक्टर होता, मुंबईत साहेबांची गाडी चालवणारा चाकरमानी होता. ज्यांचे मासळीचे दोन ट्रक बंदरावर उभेच्या उभे गंजत होते ते इब्राहिमभाई होते. ते रोज स्वच्छ पांढरा सदरा घालून यायचे आणि रोज तो मिठाने कडक करून न्यायचे. पायाखालची वाळू सरकायची, दोरी ओली, जड, खारट. तळहाताची साल निघाली की समुद्राचं पाणी त्यात असं झोंबायचं की पगार, नवरा, शाळा, सगळं क्षणभर डोक्यातून जायचं. दुपारी घरी बांगडा असायचा. त्या काळात आमचा स्वाभिमान एवढाच होता, पण तो कुणी दिलेला नव्हता.

वाटे घालायला बाबी तांडेलाने मंदीला उभं केलं. पंक्तीत किती जणांना किती पुरेल याचा तिचा अंदाज गावभर ठाऊक होता. ती वाळूवर माणशी एक असे ढीग घालायची. पण ढीग कितीही सारखे घातले तरी एकात बांगडा जरा मोठा येतो, एकात नुसती बारीक पेडवीच जास्त. म्हणून एक जण ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. वाटणारा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "ह्यो कोणाचो?" आणि पाठ केलेला माणूस मनाला येईल ते नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग. भांडण नाही, तक्रार नाही. शाळेत रोज हजेरी घेते म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडायचं. समोर पाणी चमकत असायचं, मागून मंदीचा आवाज यायचा आणि मी एकेक नाव घ्यायचे. ज्या हंगामात कुणाला कुठे मोजत नव्हते, त्या हंगामात रोज सकाळी प्रत्येकाचं नाव एकदा मोठ्याने घेतलं जायचं. चाकरमानी आपलं नाव ऐकून किंचित ताठ व्हायचा, असं मंदी मला नंतर सांगायची.

नंदू पुरता खाली यायला दिवाळी उजाडली. एकेक करून मोटारी यायच्या बंद झाल्या. गच्चीवरचे दिवे गेले, मग त्याची स्वतःची गाडी दिसेनाशी झाली, मग तो स्वतः. आणि एका सकाळी दोरीच्या शेपटाला, नवख्या माणसाच्या जागी, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस उभा होता. पायात चपला नव्हत्या. त्याची पावलं इतकी गोरी होती की सगळ्यांना लगेच कळलं. बाबी तांडेलाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग समुद्राकडे पाहिलं. कुणी त्याचा हात दोरीवरून काढला नाही. रिवाज तो रिवाज. मंदी पाटी घेऊन बसली होती, तिने मान खाली घालून पाटीतली वाळू झटकली.

मी त्याच्या पुढे चार माणसांवर होते. तो ओढताना धापा टाकत होता, ते मला ऐकू येत होतं. मला दया यायला हवी होती. त्याच्या घरी म्हातारी आई होती, दोन मुली होत्या, त्या माझ्याच वर्गातून गेलेल्या. हे सगळं मला माहीत होतं, आणि त्या प्रत्येक धापेसरशी माझ्या आत काहीतरी गोड, थंड असं पसरत होतं, उन्हात कोकम सरबत प्यावं तसं. मी मनात म्हणत होते, आण आता विनोद. सांग काहीतरी. हसव आम्हाला.

मासळी चांगली लागली होती. मंदीने वाटे घातले. मी पाठ करून उभी राहिले.

"ह्यो कोणाचो?"

"इब्राहिमभाईंचो."

"ह्यो कोणाचो?"

मी शिंप्याचं नाव घेतलं, कंडक्टरचं घेतलं, गणिताच्या सरांचं घेतलं, ते सुद्धा मुद्दाम सर म्हणून. सगळी नावं घेतली. माझं घेतलं, मंदीचं घेतलं, होडीवरच्या सगळ्यांची घेतली. मग मागून पुन्हा आवाज आला, "ह्यो कोणाचो?" आणि मी गप्प राहिले.

हजेरीत एखाद्या मुलाचं नाव गाळलं तर ते बसल्या जागेवरून ओरडतं, बाई, मी आसय. नंदू ओरडला नाही. तेवढं म्हटलं असतं, "माझो" असा एक शब्द उच्चारला असता, तरी काम झालं असतं. पण ज्याने माणसांना पडवीत उभं करून घरी धाडलं, त्याला चाळीस माणसांपुढे एका ढिगाला माझा म्हणायची लाज वाटत होती. मला ते माहीत होतं. मी त्याच जागी बोट ठेवून उभी होते. लाटा येत होत्या, जात होत्या. मंदीने पुन्हा विचारलं. 

बाबी तांडेल म्हणाला, "बाई, एक नाव ऱ्हवला."

"माका ठावक होती ती सगळी घेतलंय," मी म्हटलं. आवाज अगदी शांत होता. असं शांत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मागे पाटी वाळूवर ठेवल्याचा आवाज आला. मग मंदी बोलली, माझ्याशी नाही. "नंद्या, बोर्ड हाड आणि वाटो व्हर."

बोर्ड आणायचा आणि वाटा न्यायचा, एवढीच तिची अट. नंदूचा आवाज आला, बारीक. "मंदी, तो विषय आता हंय काढू नको. संध्याकाळी माणूस लावन काढतंय."

"माणूस कित्याक? आत्ता दोरी ओढलंस मा? तुका हात आसत."

मी वळले तेव्हा तो निघाला होता. पाठमोरा, वाळूत पाय रुतवत, माडबागेच्या दिशेने. आपापला वाटा घेतलेले लोक घरी जायचे थांबले. मासळी उन्हात पडली होती, कावळे जमू लागले, त्या एका ढिगावर कुणीतरी ओलं पोतं टाकलं. तो परत येणार नाही असं मला वाटत होतं, आणि माझी इच्छाही तीच होती. ढीग तसाच सडावा, पोत्याखाली, सगळ्यांच्या देखत.

तो आला. पत्रा मोठा होता, त्याने तो अंगासमोर आडवा धरला होता. त्यामुळे किनाऱ्यावरून चालत आली ती मंदीच, डोक्यावर पदर, हातात डवली, तोंडभर हसणारी, आणि खाली नंदूची गोरी पावलं. कुणी हसलं नाही. मला हसायचं होतं, मोठ्याने, शिक्षकांच्या खोलीत हसले होते तेवढं. मी घसा खाकरला, पण कुणाची नजर माझ्याकडे वळली नाही. मंदी पुढे गेली, तिने बोर्ड त्याच्या हातून घेतला आणि वाळूवर पालथा घातला. पोतं काढलं, मासळी त्याच्या पिशवीत भरली, वरून स्वतःच्या वाट्यातले दोन बांगडे टाकले. त्याने पिशवी घेतली, मान वर न करता वळला आणि गेला. पुढे तो पत्रा मंदीने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

लोक पांगल्यावर ती माझ्याकडे आली. मी वाट पाहत होते, ती काय म्हणेल याची. मला वाटलं, माझा हात हातात घेईल.

ती म्हणाली, "सुलू, उद्यापासना तू नावां घेव नको."

"मी तुझ्यासाठी केलंय."

"माझ्यासाठी? माका बोर्ड व्हयो होतो, तो मी मागान घेतलंय. तू तेचो वाटो गाळलंस. दोरीक हात लागलेल्याचो." ती पाटी उचलायला वाकली, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तू पाठ करून उभी रवतंस, पण तुका सगळां दिसता."

दुसऱ्या दिवसापासून नावं घ्यायला इब्राहिमभाई उभे राहू लागले. ते प्रत्येकाला भाई किंवा बाई लावायचे, आणि नंदूचंही नाव घ्यायचे, रोज, कधी तिसरं, कधी दहावं, जसं तोंडाला येईल तसं. मी दोरी ओढली आणि माझा वाटा घेऊन घरी आले.

ती पेपरातली मंदी नंतर कधीतरी निघून गेली. जाताना तिलाही कुणी पाहिलं नाही. शाळा आता पगार देते, उशिराने देते. मंदी भावाच्या पडवीत चार माणसांना जेवू घालते, बाहेर बोर्ड नाही, तरी लोक विचारत विचारत येतात. नंदूच्या खोल्या पुन्हा भरल्या आहेत. वळणावर नवा बोर्ड आहे, 'अस्सल मालवणी जेवण', फोटो नाही. परवा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "काय बाई, बरां मा?" मी हो म्हटलं. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं, तोही त्या वर्षी भरडलाच ना. भरडला. मंदी ज्यांनी आणली ती माणसं कुठे तरी काचेच्या इमारतींत बसली होती, त्यांचा हात आमच्या दोरीला कधी लागला नाही आणि लागणारही नाही. त्यांची नावंच मला ठाऊक नाहीत, तर गाळणार कुठली? माझ्या हाताशी एकच नाव होतं. एवढ्या मोठ्या वर्षाचा सूड मी त्या एका नावावर काढला, हे मला कळतं. मंदीचं म्हणणं बरोबर होतं, हेही कळतं.

आज सकाळी पुन्हा तो आवाज आला. होडी पाण्यात गेली. मी चहा तसाच ठेवून किनाऱ्यावर गेले, दोरीला हात लावला, ओढत राहिले. पश्चात्ताप होतो का म्हणून मी दरवर्षी याच दिवसांत स्वतःला तपासून पाहते. होत नाही. खंत एकच आहे, ती मात्र वर्षागणिक वाढत चालली आहे. मी नाव घेतलं नाही, त्या वेळी त्याचं तोंड कसं झालं होतं, ते मला दिसलं नाही. माझी पाठ होती.